पत्रे आणि पडदे

मुंबईच्या मेट्रो तीनचे बोगदे खोदायला जमिनीखाली १७ यंत्रं उतरवली होती. त्यांना नावं दिली महाराष्ट्रातल्या नद्यांची. वैतरणा, तानसा, सूर्या, तापी, गोदावरी, वैनगंगा. आणि त्यांत दोन कृष्णा, म्हणजे आमच्या सांगलीची नदी, दादरच्या बाजूला. भाच्यानं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी स्पीकर लावला होता आणि आई पलीकडं शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "इथं पुराला आमच्या उंबऱ्यात येती तेवढं कमी पडलं, म्हणून आता मुंबईखाली बिळं पाडालीय होय!"

भाचा इथं सांगलीत वालचंद कॉलेजात सिव्हिल शिकला आणि मेट्रोच्या कामावर लागला. आधी मुंबई, आता पुणे. त्याच्या नोकरीचा बराचसा काळ पत्र्यांच्या आत गेलाय. पत्रे म्हणजे रस्त्याचा निम्मा भाग गिळून उभे असतात ते बॅरिकेड. आत काय चाललंय ते त्याला दिसतं. बाहेरच्या माणसाला कित्येक वर्षं मेट्रो म्हणून दिसतो तो पत्राच. तीन नंबरची मेट्रो ३३.५ किलोमीटरची. पहिला टप्पा सुरू झाला ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि पार कफ परेडपर्यंत गाडी धावायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. ज्याच्या दुकानाच्या तोंडाशी पत्रा उभा राहिला, त्याचं पोर तोवर बालवाडीतून माध्यमिक शाळेच्या उंबऱ्याशी आलं असणार.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि मुलगी आहे एका बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरची, आमच्या अण्णांची. त्यामुळं शहर कुठलंही असो, माझं लक्ष आधी पत्र्यावर जातं. त्यावर काय काढलंय, कुणी काढलंय, रंग धरलाय की पापुद्रे सुटलेत. बहुतेक ठिकाणी काढलेलं काहीच नसतं, छापलेलं असतं. हिरवीगार झाडं, आई-बाप-मुलगा-मुलगी असं हसरं कुटुंब, वाऱ्यासारखी निघालेली गाडी, आणि खाली गैरसोयीबद्दल दिलगिरी. त्या चित्रात धूळ नसते, खड्डा नसतो, हेल्मेट घातलेला एकही माणूस नसतो. आणि त्याच्यामागं तर निव्वळ धूळ, खड्डा आणि हेल्मेटं असतात.

सांगलीच्या माणसाला पडद्याचं वावडं नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. पुढं कंपनी नाटकांचा काळ आला आणि रंगवलेले पडदे आले. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा. १९०५ मध्ये मिरजेत बालगंधर्व शकुंतला होऊन पहिल्यांदा उभे राहिले तो हाच काळ. शेजारी कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ आधी असे पडदेच रंगवायचे, सिनेमा नंतर आला. आमच्या अण्णांनी उमेदवारी केली तीही पडदे रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं. तोवर नाटकं आटली होती, म्हणून हाताला बोर्ड, ट्रकच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती आणि गणपतीतले देखावे लागले. पण अण्णा पडद्याची एक गोष्ट नेहमी सांगायचे. पडदा कितीही देखणा असू दे, तो कधी असं म्हणत नाही की माझ्यामागं काही नाही. उलट मागं खुडबुड चाललेली असते, कुणाचे तरी पाय दिसतात, पेटीवाला सूर धरतो, आणि समोरच्या माणसाला कळतं की थोड्या वेळात हा वर जाणार. पत्र्यावरचं चित्र मी याच मापानं मोजते. मागचं काम चाललंय ते कबूल करून रंगवलंय, की झाकायला रंगवलंय?

लंडनच्या एलिझाबेथ लाइन या नव्या रेल्वेबद्दल मी पहिल्यांदा वाचलं ते यायोई कुसामा या जपानी कलावतीमुळं. तिचे चकचकीत स्टीलचे गोळे लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनाबाहेर आहेत. पॅडिंग्टनला स्पेन्सर फिंचनं काचेच्या छतावर ढग उतरवलेत. मधल्या बड्या स्टेशनांवर अशी बडी नावं, आणि त्यासाठी पैसा लंडनमधल्या 'सिटी' या भागाच्या महापालिकेचा नि खासगी देणगीदारांचा. सुंदर आहे, बघायला मिळालं तर बघीन. पण मला धरून ठेवलं ते पूर्वेकडच्या न्यूहॅममधल्या एका भिंतीनं. तिथं ही रेल्वे बोगद्यातून वर येते आणि कस्टम हाउस, सिल्व्हरटाउन, नॉर्थ वुलिच अशा कामगार वस्तीच्या कडेनं धावते. हा सगळा जुन्या गोद्यांचा भाग. १९१७ मध्ये सिल्व्हरटाउनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्याचा स्फोट झाला आणि ७३ माणसं गेली. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडले. १९८१ मध्ये शेवटच्या गोद्याही बंद झाल्या. अशा वस्तीच्या दारात रेल्वेनं काँक्रीटची लांबच लांब भिंत उभी केली. ती भिंत सोनिया बॉइस या कलावतीकडं आली. तिनं काय केलं, तर रहिवाशांना बोलावून त्यांच्या आठवणी मागितल्या. कोण कुठं राहायचं, कोण कुठं नाचायला जायचं, कुठला कारखाना केव्हा बंद पडला. त्या आठवणी, आणि त्या भागात उगवणाऱ्या झाडाफुलांच्या नक्षी, जवळजवळ दोन किलोमीटर भिंतीवर गेल्या. याच बॉइसबाईंना २०२२ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात गोल्डन लायन हा मोठा पुरस्कार मिळाला. ते महत्त्वाचं असेल, पण तिथल्या एखाद्या म्हातारीला आपली आठवण रोज बाजारला जाताना भिंतीवर वाचायला मिळत असेल, तर तिला त्या सिंहाचं काय?

हे वाचताना मला आमच्याच गल्ल्या आठवत होत्या. सांगलीत महापूर ओसरला की कुणी न सांगता एक काम होतं. लोक भिंतीवर पाण्याची रेघ मारून ठेवतात आणि शेजारी साल घालतात. २००५. २०१९. २०२१. कुणी ऑइलपेंटनं, कुणी मुलाच्या रंगपेटीतल्या ब्रशनं. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. हे आकडे सरकारी कागदात आहेत. पण जिन्याच्या आठव्या पायरीशी मारलेली रेघ पाहुण्याला दाखवताना माणूस ज्या आवाजात बोलतो, तो आवाज कागदात नाही. ती रेघ काढायला कलाकार आणला नाही, निविदा निघाली नाही. गावानं स्वतःसाठी काढलेलं चित्र म्हटलं की मला पहिल्यांदा तीच दिसते. चित्र म्हणून बघाल तर त्यात काही नाही, एक आडवी रेघ.

स्टॉकहोमचं उदाहरण वेगळं, आणि माझ्या मनात त्याचा नंबर फार वरचा. तिथल्या भुयारी रेल्वेच्या शंभर स्टेशनांपैकी नव्वदहून जास्त स्टेशनांत कलाकृती आहेत. मध्यवर्ती स्टेशनावर, निळ्या मार्गाच्या फलाटाशी, खडक फोडून केलेलं छत तसंच ओबडधोबड ठेवलंय. त्यावर १९७५ मध्ये पेर ओलोफ उल्टवेट यानं पांढऱ्यावर निळ्या वेली रंगवल्या. आणि एका भागात वेली नाहीत, माणसं आहेत. निळ्या सावल्यांसारखी. वेल्डिंग करणारा, सुतारकाम करणारा, शिडीवर चढलेला. ज्यांनी ते स्टेशन बांधलं त्यांच्याच त्या आकृत्या. मी तिकडं गेलेली नाही, फोटोच पाहिलेत. पण विचार करा, आपल्याकडं कुठल्या उद्घाटनाच्या दगडावर गवंड्याचं नाव वाचलंय? सहा फुटी संगमरवरात मंत्र्यांपासून उपअभियंत्यापर्यंत सगळे असतात. पाया खोदणारा तेवढा नसतो.

आपल्याकडं काही होत नाही असं नाही. मुंबईत २००९ मध्ये तुळशी पाइप रोडला पश्चिम रेल्वेच्या कडेची भिंत लोकांसाठी मोकळी केली होती. पोरंटोरं, कॉलेजवाले, ऑफिसवाले, शेकड्यांनी लोक येऊन रंगवून गेले. चंद्रपूर आणि बल्लारशाह स्टेशनांवर वाघ आले, जंगल आलं, आणि २०१८ मध्ये रेल्वेच्या सुंदर स्टेशनांच्या स्पर्धेत त्यांना पहिला नंबर मिळाला. दुसरा आला त्यात बिहारमधलं मधुबनी. तिथं २ ऑक्टोबर २०१७ ला दोनशेहून जास्त चित्रकार भिंतींवर चढले, त्यांत बायका पुष्कळ. हजारो चौरस फूट भिंत मधुबनी शैलीत भरली, आणि ती भरली श्रमदानानं. म्हणजे फुकट.

इथं मात्र अण्णांचं आणि माझं भांडण झालं होतं. मी म्हणत होते, केवढं मोठं मन. अण्णा म्हणाले, "मन मोठं हाय, मान्य. पण इंजिनेर फुकट आला का? सिमेंट फुकट आलं का? मग ब्रशवालाच का?" त्यांचं म्हणणं होतं की चित्राला वार-फुटाचा दर लागला की भिंतीला मालक मिळतो. फुकटच्या चित्रावर दुसऱ्याच दिवशी ट्यूशनची जाहिरात चिकटते. तेव्हा मला ते कोरडं वाटलं होतं. आता वाटत नाही. सरकारी भिंतीवर मुलांकडून 'पाणी वाचवा' रंगवून घ्यायला मलाही वर्षातून एकदा निरोप येतो. रंग ते देतात, वडापाव ते देतात आणि शेवटी फोटोही तेच काढतात.

सांगली गावाला मेट्रो नाही, येईल असंही वाटत नाही. पण रेल्वेनं गाव उलटंपालटं करणं आम्हाला नवं नाही. गावात मधोमध स्टेशन चौक आहे, आणि तिथं स्टेशन नाही. मिरजेहून सांगलीपर्यंत मीटरगेजचा फाटा यायचा त्याचं स्टेशन तिथं होतं. १९७१ मध्ये पुणे-मिरज ब्रॉडगेज झालं, स्टेशन पलीकडं गेलं, चौकाचं नाव राहिलं. रिक्षावाल्याला "स्टेशन" म्हणालात तर तो आधी विचारतो, "चौक का गाडीचं?" शेजारच्या मिरजेत तर एकेकाळी तिन्ही रुंदीचे रूळ एकाच जंक्शनात होते, कारण कुर्डुवाडीहून येणारी बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडीही तिथंच टेकायची. याच मार्गावर, थोडं पुण्याच्या दिशेनं, किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे.मध्ये गेले होते चित्रकला शिकायला. रंग नीट ओळखू येत नाहीत असं कळल्यावर त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची ड्रॉइंगं धरली. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला तो या माणसाचा. विषयांतर आहे, पण आमच्या भागातून जाणारी गाडी आणि चित्रकला या दोघींची गाठ मला तिथं पडलेली दिसते.

तर पुणे-मिरज मार्गाचं दुहेरीकरण आलं, आणि माधवनगर रस्त्यावरचा चिंतामणीनगरचा जुना रेल्वेपूल २०२३ मध्ये पाडला. आम्ही त्याच बाजूला राहतो. पूल गेला आणि पाच मिनिटांचा रस्ता वळशाचा झाला. काम लांबलं. का लांबलं, कुणामुळं लांबलं, यात मी पडत नाही, त्यावर बोलणारे प्रत्येक टपरीवर होते. शेजाऱ्यांना धीर द्यावा म्हणून मी सांगितलं की लंडनची ती लाइनसुद्धा डिसेंबर २०१८ ला सुरू व्हायची होती, झाली मे २०२२ मध्ये. ते म्हणाले, "असंल. पण त्यांचा वळसा तरी डांबरी असंल."

आमच्या बोळाच्या तोंडाशी पत्रे उभे राहिले आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. शाळेतली इंटरमिजिएटची परीक्षा देणारी मुलं होती, अण्णा होते. बसून का होईना, पण हात थरथरत नव्हता. रंगवण्याच्या परवानगीसाठी एका कचेरीत अर्ज टाकला. उत्तर आलं नाही. उत्तर न येणं हीच परवानगी, असं अण्णांनी ठरवलं.

काय काढायचं यावर गल्लीची सभा भरली. पहिली सूचना आली देवांची. गणपती, विठोबा, साईबाबा काढा, म्हणजे कोण थुंकणार नाही, कोण आडोशाला उभं राहणार नाही. हे शास्त्र आपल्याकडं जिन्याच्या कोपऱ्यांत टाइल्स लावून सिद्ध झालेलं आहे. मला ते पटत नाही. देवाला वॉचमनची नोकरी लावायची, आणि पत्रे निघाले की त्याच देवाला भंगारात घालायचं? ते मी होऊ दिलं नाही. दुसरी सूचना नव्या पुलाचं चित्र काढायची. अण्णा म्हणाले, "झाल्यावर बघतील की. जो गेला त्याचं काढा." म्हणून ठरलं, जुना पूल आणि त्यावरनं जाणारे-येणारे. लाल परी. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, डोक्यावर स्पीकरसकट. हळदीची पोती लादलेला टेम्पो. किटल्या अडकवलेला दूधवाला. सायकलवर एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून जाणाऱ्या मुली, मागं हॉर्न वाजवून थकलेला मोटारसायकलवाला.

पन्हाळी पत्र्यावर चित्र काढणं ही फार चिडवणारी गोष्ट आहे. कागदावर सरळ दिसणारी रेघ पत्र्याच्या नाळीत पडली की चालत्या माणसाला मोडलेली दिसते. चेहरा लहान काढला तर नाक खड्ड्यात जातं आणि एक डोळा उंचवट्यावर चढतो. अण्णांनी पोरांना पहिला नियम घातला, चेहरे काढू नका, अंगलट काढा. माणूस चालण्यावरनं ओळखू येतो, नाकावरनं नाही. दुसरं, गॅल्व्हनाइजच्या पत्र्यावर ऑइलपेंट थेट धरत नाही. एक पाऊस झाला की पापड निघतात. पॉलिशपेपरनं घासून आधी पिवळा प्रायमर मारायचा, तो वाळू द्यायचा, मग रंग. पोरांना घाई. अण्णांना नाही. निळीत बुडवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना धरायची, मधनं ओढून सोडायची, फट्कन सरळ रेघ. तिला सूत मारणं म्हणतात. मोबाइलवर ग्रिड टाकायचं ॲप असतं हे पोरांनी अण्णांना दाखवलं. अण्णांनी ते मन लावून बघितलं आणि म्हणाले, "छान हाय. आता दोरी धर."

आतले मजूर अधूनमधून फटीतनं बघायचे. बहुतेक झारखंड-बिहारकडचे. एक दिवस त्यांतला एकजण चहाच्या वेळेला बाहेर आला, आमच्या पुलासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि नववीतल्या मुलीला म्हणाला, "मैडम, गर्डर ऐसे खंभे पे सीधा नहीं बैठता. बीच में बेअरिंग डालो." तिनं डोळे मोठे केले. मग त्यानं विटेच्या तुकड्यानं रस्त्यावर काढून दाखवलं. खांब, खांबाचं डोकं, त्यावर बेअरिंग, त्यावर गर्डर. उन्हानं गर्डर वाढतो, थंडीनं आखडतो, त्याला हलायला जागा लागते. मी त्या पुलावरनं आयुष्य काढलं आणि हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. चित्रात बेअरिंग आले. त्या मुलीनं खांबाशेजारी विटेच्या तुकड्यानं रस्त्यावर काहीतरी काढणारा एक वाकलेला माणूसही घातला. त्याला ते दाखवल्यावर तो लाजला, आणि जाताना म्हणाला, "अंदर भी एक बना दो."

आत जायला आम्हाला मनाई होती आणि ती बरोबरच होती. उरलेले रंग आणि दोन ब्रश आम्ही फटीतनं दिले. पांढरा बराच उरला होता, थोडा गेरू, थोडा काळा. मग परीक्षा आल्या, पावसाळा आला, आणि आम्ही ते विसरून गेलो.

बाहेरचं चित्र गल्लीनं आपलं मानलं की नाही, ते सांगणं अवघड आहे. थुंकले लोक. ट्रॅक्टरच्या चाकाशी कायम एक लाल डाग असायचा. पण भांडणंही झाली, आणि ती मला आवडली. दूधवाला म्हणाला, माझ्या किटल्या डाव्या बाजूला असतात, तुम्ही उजवीकडं काढल्या. त्या बदलून घेतल्या. एका काकूंनी विचारलं, आमचे हे रोज संध्याकाळी पुलावर फिरायला यायचे, ते कुठं आहेत? ते वारले होते. अण्णांनी काही न बोलता कठड्याला टेकलेला, हातात पिशवी घेतलेला एक माणूस वाढवला. काकू म्हणाल्या, पिशवी नको, छत्री पाहिजे. छत्री दिली. न्यूहॅममध्ये बॉइसबाई लोकांच्या आठवणी गोळा करत होत्या, त्याला रीतसर प्रकल्प म्हणतात. आमच्याकडं त्या आठवणी तक्रार होऊन आल्या.

काम सरकलं तसे पत्रे निघाले. ठेकेदाराचे पत्रे, पुढच्या कामावर जाणार, आम्ही काही बोलू शकत नव्हतो. ज्या दिवशी उपटले त्या दिवशी ते रस्त्याकडेला उलटे रचून ठेवले होते आणि तेव्हा आम्हाला आतली बाजू दिसली. एका पत्र्यावर बैल होता. गेरूचा लाल बैल, अंगभर काळ्या-पांढऱ्या रेघा, फणीनं ओढाव्यात तशा. पाठीवर झाड, पायाशी पक्षी. नाळी त्यालाही आडव्या आल्या होत्या, पण त्यानं चलाखी केली होती. बैलाच्या अंगावरच्या रेघा नाळींच्याच दिशेनं घेतल्या होत्या, त्यामुळं पत्र्याची पन्हाळ चित्राचाच भाग झाली होती. अण्णांनी तो बराच वेळ बघितला. हजारीबागच्या बाजूला दिवाळीनंतर सोहराय नावाचा सण असतो, त्याला घरातल्या बायका मातीच्या भिंती अशा रंगवतात, हे मला ठाऊक होतं. पुस्तकात पाहिलेलं. या माणसानं ते आईच्या हाताखाली पाहिलं असणार. तो तोवर दुसऱ्या साइटवर निघून गेला होता.

त्यातले दोन-तीन पत्रे वाकले होते म्हणून भंगारात निघाले आणि बैलवाला त्यातच गेला. तो पुढं एका चहाच्या टपरीचं छप्पर झाला. टपरीवाल्यानं पत्रा ठोकताना आमची बाजू वर केली. आमची लाल परी आणि हळदीचा टेम्पो उन्हात भाजतात, कावळे त्यावर बसतात, आणि खाली कटिंग पिणाऱ्याच्या डोक्यावर बैल. मी त्याला म्हटलं, उलटं का बसवलंस, आमचं चित्र होतं की वरच्या बाजूला. तो म्हणाला, "मॅडम, वरचं कोण बघतंय? गिऱ्हाईक खालनं बघतंय."

परवा भाच्याचा फोन आला. पुण्यात त्याच्या साइटला नवे पत्रे उभे राहतायत, वर्ष-दोन वर्षं हलणार नाहीत. साहेबांना आमचे फोटो दाखवले होते, त्यांना कल्पना आवडली. आसपासच्या शाळेतली मुलं घ्यायची, सोसायटीच्या लोकांना बोलवायचं. "मावशी, तू ये. अण्णांची ती दोरी घेऊन ये. आणि कोटेशन पाठव, इथं फुकट नको म्हणालेत." अण्णा ऐकत होते. त्यांनी बोटांवर हिशेब केला. घासणं, प्रायमर, दोन हात रंग, पोरांचं खाणं, पेंटरची हजेरी. मी विचारलं, लांबी किती? त्यानं सांगितली. उंची? तीही सांगितली. अण्णांनी आकडा काढला आणि त्याची दुप्पट करायला सांगितली.

"दुप्पट कशाला?"

"दोन्ही बाजू धरल्या."

भाचा हसला. "आतनं कोण बघतंय, अण्णा?"

"तू बघतोस की. दिवसभर."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आतल्या बाजूला पत्र्याला आधाराचे अँगल आहेत, दर दोन मीटरला एक, ते आडवे येणार. अण्णा म्हणाले, तेवढे वार-फुटातनं वजा करू, आणि अँगलला रेड ऑक्साइड तुमच्याकडनं मारून घ्या, ते आमच्या दरात नाही.